पोट साफ आहे का, विचारणारी बाई

रेजिनाला राग यायला कारण लागत नाही, असं सेंटरमधली माणसं म्हणत. साफ खोटं. कारण लागायचं, आणि ते कारण रोज सकाळी नऊच्या ठोक्याला वसई स्टेशनजवळच्या त्या स्कॅन सेंटरच्या पायऱ्या चढून वर येत असे. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, काखेत फाइल, आणि पोटात आदल्या दिवशीचं जेवण.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. वर्षभर आधी सेंटरमध्ये सीटी स्कॅनचं नवं मशीन आलं होतं आणि मालक डॉक्टर सुमेध मुंबईला जाऊन एक नवी तपासणी शिकून आले होते. मोठ्या आतड्यात गाठ आहे का हे बघायला तोवर वसईत एकच रस्ता होता. मागच्या बाजूने कॅमेऱ्याची लांबलचक नळी घालायची. इथला बाप्या माणूस मरेल, पण त्याला तयार व्हायचा नाही. नव्या तपासणीत कॅमेरा नव्हता. आतड्यात हवा भरायची, मशीनमधून फोटो काढायचे, आणि मग कॉम्प्युटरवर आतडं आतून बघत पुढे पुढे जायचं. डॉक्टर सुमेध हे इतकं गोड समजावून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटे, शर्ट काढून आडवं पडलं की झालं. हवा कुठून भरायची, हे ते सांगत नसत. ते सांगायचं काम रेजिनाचं.

रेजिना आया होती. कोणी 'सिस्टर' म्हटलं की ती तिथल्या तिथे सुधारायची, "सिस्टर नाय मी. आया. नळी मीच घालणार, तेव्हा नीट ओळखून ठेवा." बोटाएवढी बारीक रबरी नळी ती मागून आत सरकवायची आणि हातातला रबरी फुगा दाबून दाबून हवा भरायची. माणसाचं पोट तट्ट फुगलं की थांबायची. मग बेसिल, मशीनवरचा तंत्रज्ञ, आधी पाठीवर झोपवून फोटो काढी, मग पोटावर. दोनदा का, तर आतड्यात काही दिसलं आणि कूस बदलल्यावर ते घरंगळलं, तर तो मळ. घरंगळलं नाही, तर ती गाठ असू शकते. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात बेसिलला हे शिकवलं तेव्हा रेजिना मागे उभी राहून नळी धूत होती. ती सातवी शिकलेली होती, बहिरी नव्हती.

या सगळ्याला एकच अट होती. आतडं स्वच्छ हवं. दोन दिवस हलकं खायचं, आदल्या दिवशी नुसतं पातळ, तेही गाळलेलं. संध्याकाळी दोन लिटर पाण्यात पावडर कालवून ती सगळी प्यायची आणि मग घराच्या संडासाशी सलगी करायची. हे सगळं छापलेल्या कागदावर लिहिलेलं असे, मराठीत. तरी नालासोपाऱ्याचा बँकेतला साहेब दुधाचा चहा पिऊन येई, कारण चहा पातळच असतो. विरारची एक मास्तरीण पावडर अर्धीच पिऊन आली, कारण चव बरी नव्हती. आणि विचारलं की सगळे एकच सांगत, "हो हो, सगळं कागदाप्रमाणे."

म्हणून रेजिना विचारी. नाव-गाव नंतर. "शेवटी काय गेलं? पाणी गेलं की घट्ट? रंग कसला? नारळाच्या पाण्यासारखा, की वरणासारखा?" तिचा आवाज वसईतल्या पापडी गावच्या बाजारात वाढलेला होता. तिची आई तिथे भाजी विकायची आणि पोर टोपलीमागे उभी राहून भाव ओरडायची. बाहेर बाकावर बसलेल्या वीस माणसांना तो आवाज जाई. सुटाबुटातला माणूस मान खाली घालून "वरण" म्हणे आणि बाहेर कोणी तरी खोकल्याचं निमित्त करून हसे. रेजिनाला त्याचं काही नव्हतं. जो हसला तोही पुढे आत यायचाच होता.

हा राग तिला कुठून लागला, हेही सांगितलं पाहिजे. एकोणिसाव्या वर्षापासून ती एका इस्पितळात आया होती. बेडपॅन, एनिमा, जखमा धुणं, सगळं करून चुकली. पापडीतच लग्न झालं, अँथनीशी. तो वालीवच्या एका कारखान्यात लेथवर होता आणि दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायचा. घरात सासू होती, मटिल्डा. फार करारी बाई. ती मटिल्डा एक सबंध वर्ष स्वतःचे कपडे वेगळे धूत होती, विहिरीवर, सगळे उठायच्या आत. कोणाला काही बोलली नाही. रक्त जात होतं. मूळव्याध आहे असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. रेजिनाला ते वेगळे कपडे दिसत होते. परक्यांच्या गुवामुताला न कचरणारी ही आया सासूला मात्र एक शब्द विचारू शकली नाही, कारण सासूला असलं विचारत नाहीत. समजलं तेव्हा पोटात सगळीकडे पसरलं होतं. आतड्याच्या अस्तरावर कधी काळी करवंदाएवढी वाढ आली असणार, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं गप्प बसलेली. तेव्हा सापडली असती तर काढून फेकून दिली असती. मटिल्डा अठ्ठ्याण्णव साली गेली. तेव्हापासून रेजिना विचारते. कोणालाही, काहीही, आणि मोठ्याने.

आता नरहरी.

नरहरी निर्मळ गावाच्या पलीकडचा वाडीवाला. केळी होती, थोडी फुलं होती, पण खरं वैभव पानवेलींचं. पांगाऱ्यावर चढवलेल्या वेलींच्या रांगा आणि त्याखाली कायम ओलावा. वय अडुसष्ट. धोतर, पांढरा सदरा, गावात शब्दाला वजन. पंचांच्या बैठकीत तो शेवटी बोले आणि त्याच्यानंतर कोणी बोलत नसे. चार महिने त्याला रक्त जात होतं. बायको यमुना हिने ते ओळखलं आणि मुलगा देवेश याच्यामागे लकडा लावला. कॅमेऱ्याचं नाव काढताच नरहरी दोन दिवस कोणाशी बोलला नाही. 'नुसता फोटो काढतात' म्हटल्यावर तयार झाला. एका शनिवारी सकाळी देवेश त्याला सेंटरवर घेऊन आला.

रेजिनाने त्याला आत घेतलं आणि पहिलं तोंड बघितलं. ओठ लाल, दातांच्या फटी लाल.

"काका, पान खाल्लंत?"

"मग?"

"कागदावर काय लिवलंय? काही खायचं नाय."

नरहरीने तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने त्याला श्वास घेतला का म्हणून विचारलं होतं. "पान म्हणजे खाणं नव्हं," तो म्हणाला. "कागदावर भात लिवलाय, भाकरी लिवलीय, भाजी, फळं, दूध, सगळं लिवलंय. पान कुठंय? दाखवा."

तिने कागद घेतला. पान खरंच नव्हतं. ज्याने कागद लिहिला त्याच्या घरी पानवेल नसणार. नरहरीच्या घरी चार पिढ्या पान उठता-बसता तोंडात. वाडीत शिरताना पान, पाणी पाजताना पान, देवळात जाऊन आलं की पान. कडक एकादशीलाही पान चालायचं, मग तपासणीला का चालू नये? गेले दोन दिवस त्याने अन्नाचा कण घेतला नव्हता, पावडर शेवटच्या थेंबापर्यंत प्याला होता, आणि तोंडात दर तासाला एक पान. सुपारीसकट. गिळतही होता, कारण त्याला थुंकणारी माणसं आवडत नसत.

"शेवटी काय गेलं?" रेजिनाने विचारलं.

नरहरीचा चेहरा पानाइतकाच लाल झाला. "पानी," तो म्हणाला.

"नुसतं पाणी की त्यात चोथा?"

त्याने मान वळवली. तिला काय ते कळलं. ती तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेली. "यांना परत पाठवा. आत सगळा पानाचा चोथा असणार. आठ दिवसांनी या म्हणावं, पान बंद करून."

डॉक्टर सुमेध वाईट माणूस नव्हते. पण त्यांना लोकांना परत पाठवायला संकोच वाटे. ते बाहेर आले, नरहरीशी बोलले. नरहरी म्हणाला, "आज झालं तर झालं. मी परत यायचा नाय." देवेश म्हणाला, "डॉक्टर, मोठ्या मुश्किलीने आणलंय हो." आणि डॉक्टर म्हणाले, "बघू या तरी."

'बघू या तरी' हे तीन शब्द ऐकले की आजही रेजिनाच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नळी बघून नरहरी उठून बसला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. क्षणभर रेजिनाला त्याची दया आली, ती तिने दाखवली नाही. "कुशीवर व्हा," ती म्हणाली. तो झाला. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. सगळं संपल्यावर धोतर सारखं करताना तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे घरी कळता कामा नये. बायकोलासुद्धा."

"मी कशाला सांगतेय," ती म्हणाली. आणि तिला तसंच वाटत होतं.

बेसिलच्या पडद्यावर आतडं उमटलं तेव्हा ती मागे उभी होती. ठरल्याप्रमाणे सगळा कचरा. भिंतींना चिकटलेले तुकडे, कुठे पानाचे, कुठे सुपारीचे, हे खरं आणि ते खोटं कळायची सोय नाही. नरहरी पोटावर वळला तसे त्यातले बरेच घरंगळून दुसऱ्या बाजूला गेले. एक गेला नाही. डाव्या बाजूला, आतड्याला जिथे वळण आहे तिथे, करवंदाएवढा.

"बेसिल, तो बघ. तो हलला नाय."

"चिकटलेला असेल, मावशी. पान चिकटतं."

डॉक्टरही तेच म्हणाले. चिकटलेलंही असेल. या घाणीत छातीठोक सांगता येत नाही. संध्याकाळी रिपोर्ट गेला. वरच्या ओळीत ठळक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, की लक्षात घेण्याजोगी गाठ दिसली नाही. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, की आतड्यात अवशेष असल्यामुळे तपासणीला मर्यादा होती, नीट तयारी करून पुन्हा करावी.

सोमवारी रेजिनाने बेसिलकडून ते वाचून घेतलं आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"खालची ओळ कोण वाचतं, डॉक्टर?"

"रेजिना, मी लिहिलंय ना."

"लिहिलंत. सांगितलं नाहीत. देवेश वरची ओळ वाचून बापाला सांगणार, काय नाय तुम्हाला. बाप पानाचा विडा लावणार."

"मी फोन करतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी केलाही असता. पण त्या आठवड्यात मशीन बिघडलं, कंपनीची माणसं आली, आणि फोन राहिला. रोज संध्याकाळी रेजिना विचारायची, "केला?" आणि ते कपाळावर हात मारायचे. शनिवारपर्यंत तिचा संयम संपला. तसा तो फार नव्हताच. ती मटिल्डाचे वेगळे वाळत घातलेले कपडे बघत होती, दिवसभर, डोळ्यांसमोर.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती घरी गेली नाही. अँथनीला म्हणाली, "जेवून घे, मी निर्मळला जाऊन येते."  टमटम पकडून ती निर्मळच्या नाक्यावर उतरली आणि विचारत विचारत वाडीवर पोचली.

रविवारी पानं खुडून झालेली होती. अंगणात गोणपाटावर पाच-सहा बायका बसून पानं निवडत होत्या, लहान-मोठी वेगळी करून जुड्या लावत होत्या. यमुना पडवीत होती. नरहरी खुर्चीत बसून मजुरीच्या बायकांना काही सांगत होता, देवेश त्याच्याशेजारी. रेजिना फाटकातून आत आली आणि नरहरीने तिला बघितलं. त्याचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

"काका, मी सेंटरमधून आलेय," ती म्हणाली. अजून तिचा आवाज ठीक होता.

"कोन तुम्ही?" नरहरी म्हणाला. "मी वळखत नाय."

हे त्याने म्हणायला नको होतं. आठ दिवसांपूर्वी या बाईने त्याच्या अंगाला जिथे हात लावला होता तिथे त्याच्या आईनंतर कोणाचाही लागला नव्हता, आणि आता ती त्याच्या अंगणात, त्याच्या मजूर बायकांसमोर उभी होती. त्याला दुसरं काय सुचणार? शांत बसून विचार करणाऱ्याला हे कळतं. रेजिना शांत बसून विचार करणारी नव्हती. रविवारचं जेवण सोडून, उन्हातून, कोणी बोलावलेलं नसताना ती या माणसाचा जीव वाचवायला आली होती आणि हा तिला ओळखत नव्हता.

"वळखत नाय?" तिचा आवाज वर गेला तो गेलाच. "मी नळी घातली तुम्हाला. मागून. हवा भरली. विसरलात? आत पानाचा चोथाच चोथा होता, काय दिसत नव्हतं, मी स्वतः बघितलं. रिपोर्ट चांगला आलाय म्हणून बसू नका. तळाला लिवलंय, परत करा. पान सोडा आणि परत या, नाय तर मराल."

जुड्या लावणारे हात थांबले. एका तरुण बाईने पदर तोंडाला लावला, आणि पदराआड काय चाललं होतं ते सगळ्यांना कळलं. यमुना पडवीच्या पायरीवर आली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा उठला. रागावला नाही, ओरडला नाही. धोतराचा सोगा हातात धरून घरात गेला आणि मधल्या खोलीचं दार त्याने आतून लावून घेतलं.

देवेश रेजिनाला फाटकापर्यंत घेऊन आला.  "बाई, तुमचं बरोबर असेल," तो म्हणाला. "पण आता निघा. आणि परत आमच्याकडे येऊ नका."

टमटममध्ये बसल्यावर रेजिनाला कळलं, की तिने काय केलं. कळल्यावर ती आणखी रागावली. नरहरीवर, त्या तोंडाला पदर लावणाऱ्या पोरीवर, फोन न करणाऱ्या डॉक्टरांवर, आणि त्या कागदावर, ज्याला भात आठवला आणि पान आठवलं नाही. घरी येऊन तिने अँथनीला सगळं सांगितलं. अँथनी म्हणाला, "पाच बायका होत्या तिथे?" ती त्याच्यावरही ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांच्या टेबलावर फोन उचलून ठेवला आणि त्यांनी नंबर फिरवेपर्यंत हलली नाही. डॉक्टर बोलले. चांगलं बोलले, समजावून, वरच्या ओळीबद्दल माफीही मागितली. देवेश पलीकडून म्हणाला, "बाबा नाही म्हणतात." आठ दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा केला. "बाबा नाही म्हणतात." मग डॉक्टरांनी एक काम केलं. छापलेल्या कागदावर एक ओळ वाढवली. पान, सुपारी, तंबाखू, काहीही तोंडात नाही. रेजिनाने नवे कागद बघितले आणि म्हणाली, "आता सुचलं."

तिसरा फोन कोणी केला नाही. रेजिना परत निर्मळला गेली नाही. तिला जायचं नव्हतं असं नाही. दोन रविवार ती मिस्सा संपल्यावर टमटमच्या नाक्यापर्यंत गेली. पण त्या अंगणात परत उभं राहायचं म्हणजे 'बाई, माझं चुकलं' म्हणायचं, आणि वसईतल्या अर्ध्या लोकांना त्यांचं काय चुकलं ते सांगणाऱ्या या बाईच्या तोंडातून तेवढं एक वाक्य निघेना. दोन्ही रविवारी ती मटण घेऊन घरी परतली.

पुढे दीड वर्ष गेलं. तपासणीला लोक येत राहिले. काहींच्या आतड्यात खरंच वाढ सापडली, वेळेवर, आणि ते मुंबईला जाऊन ती काढून आले. त्यांतले दोघे-तिघे मिठाई घेऊन आले, डॉक्टरांसाठी. आवाज तिचा तसाच होता. बेसिल तर म्हणायचा, वाढलाय.

दोन हजार आठच्या जानेवारीत, सकाळी, पायऱ्या चढून यमुना वर आली. कपाळ मोकळं. रेजिनाने तिला ओळखलं आणि ते कपाळ बघितलं आणि हातातला ट्रे टेबलावर ठेवला. यमुनाच्या मागे देवेश होता, हातात फाइल. बाकावर पंधरा-सोळा माणसं नंबर लावून बसलेली होती.

"गनपतीत गेले," यमुना म्हणाली. "आतडं बंदच झालं. मुंबईला नेलं, कापलं, पन काय राहिलं नव्हतं. डाव्या बाजूला होतं." ती बाकावर बसली नाही. "तिथले डॉक्टर बोलले, पोराचं पन बघा. बापाला झालं म्हंजे पोराला होऊ शकतं. म्हनून आनलंय."

रेजिनाने टेबलावरचा ट्रे उगाच सरकवला. 

"तुला एक सांगायचंय," यमुना म्हणाली. "तू आलीस त्याच्या आदल्या शुक्रवारी आमच्या शाळेतल्या मास्तरांनी कागद वाचला व्हता. खालची ओळ त्यांनीच दाखवली. हे तयार झाले व्हते. मनाशी धरून दोन दिवस पान सोडलं व्हतं त्यांनी, जन्मात पहिल्यांदा. बुधवारी यायचं ठरलं व्हतं, तुझ्याकडेच."

बेसिल दारात आला होता, तो तसाच थांबला.

"तू रविवारी आलीस," यमुना म्हणाली. "त्यानंतर त्यांनी तुझ्या सेंटरचं नाव काढू दिलं नाय. गावात पोरं त्यांना बघून हवा भरल्यासारखं करून दाखवायची, पाठीमागे. पंचांच्या बैठकीला जायचे बंद झाले. मी पाया पडले त्यांच्या. नाय म्हनजे नाय. तू खरं बोललीस, ते मला मान्य हाय. पन तू पाच बायकांसमोर बोललीस. ते मी काय विसरायची नाय."

रेजिनाने मान हलवली.  "माझं चुकलं," ती म्हणाली. दीड वर्ष उशिरा, आणि इतक्या हळू की पहिल्या बाकावरच्यालाही ऐकू गेलं नाही. यमुनाला गेलं. 

मग देवेशला आत घ्यायची वेळ झाली. रेजिनाने त्याचा कागद हातात घेतला. विचारायचं होतं तेच, जे रोज ती विचारते. देवेश खाली बघत होता. बाकावरची माणसं ऐकत होती, कारण बाकावरची माणसं नेहमीच ऐकतात. रेजिनाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने देवेशला हाताने आत यायची खूण केली, कानात विचारावं म्हणून.

देवेश उठला, तशी यमुनाने त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. तिचा आवाज रेजिनाच्या आवाजापेक्षाही वर गेला. म्हातारीच्या त्या एवढ्याशा देहात तो कुठे होता कोणास ठाऊक.

"आत कशाला? इथंच सांग तिला. काय गेलं सकाळी? घट्ट गेलं का पानी गेलं? रंग कसला व्हता?" ती बाकावरच्या सगळ्यांकडे एकेक करून बघत होती, आणि कोणी खोकलं नाही, कोणी हसलं नाही. "लाजून एक मेला आमच्या घरात. दुसरा नाय मरू द्यायची मी. सांग मोठ्याने."

बेचाळीस वर्षांचा देवेश भर हॉलमध्ये उभा राहिला, घसा साफ केला, आणि त्याने सांगितलं.